दर्शन झाल्यावाचून

“अक्का, ऊन! लवकर बाहेर ये, ऊन पडलंय!”

ओसरीवर उभा राहून मी ओरडलो. समोरच्या डोंगराच्या खांद्यावर ढगांना एक फट पडली होती आणि तिच्यातून उतरलेला पिवळा पट्टा शाळेच्या कौलांवर क्षणभर टेकला होता. आतून तांब्या ठेवल्याचा आवाज आला, मग पाट सरकवल्याचा. भिंतीला हात लावत, पदर सावरत अक्का उंबऱ्यापाशी पोचली तेव्हा तो पट्टा विझला होता. पागोळ्या तेवढ्या गळत होत्या.

“गेलं का रे?” तिने विचारले.

“आत्ता होतं. एवढा वेळ काय करत होतीस?”

“वात सारत होते. देवाला अर्धवट टाकून कशी येऊ?”

“बाहेर होता तोही देवच होता.”

“मग त्याला सांग ना, जरा थांबत जा म्हणून. तुझं संस्कृत त्याला कळेल. माझं मराठी त्याच्यापर्यंत कुठलं पोचायला!”

असे म्हणून ती हसली आणि हसता हसता उंबऱ्यावरच बसली. तिच्या मनगटाची हाडे मला त्या दिवशी प्रथमच स्पष्ट दिसली.

गगनबावड्याच्या शाळेत मी त्या काळी संस्कृत शिकवीत असे. घाटमाथ्यावरचे ते गाव आषाढ-श्रावणात ढगांच्या पोटात असते. समोरच्या घरातला दिवा दिसला की त्या दिवशी उघाड आहे असे आम्ही म्हणत असू. शाळेने दिलेल्या दोन खोल्यांत मी आणि माझी थोरली बहीण, असे दोघेच राहत होतो. आई मला अजाण वयात सोडून गेली. त्याच सुमारास अक्का वैधव्य घेऊन माहेरी परतली, आणि आपले व माझे दुःख एकाच पाळण्यात घालून तिने मला वाढवले. माझ्या मुंजीत मातृभोजनाच्या पाटावर तीच बसली होती. तिला मी कधी काही मागताना पाहिले नव्हते. म्हणून त्या वर्षी आषाढी एकादशीला ती जेव्हा म्हणाली, “दिगू, यंदा चातुर्मासात मी एक नेम धरणार आहे, त्यात तू पडू नकोस,” तेव्हा मी आनंदाने मान डोलावली.

चातुर्मासात कुणी कांदा-वांगे सोडते, कुणी भुईवर जेवते, कुणी मौन पाळते. अक्काने धरला तो सूर्यदर्शनाचा नेम. सूर्याचे प्रत्यक्ष दर्शन झाल्यावाचून अन्नाचा कण मुखात घालायचा नाही. पाणी चाले, दूध चाले, पातळ ताक चाले. अन्न मात्र नाही. सपाटीवरच्या मुलखात हा नेम पुष्कळ बायका धरतात आणि सहज निभावतात. गगनबावड्यात, तोही आषाढात, तो कुणी धरल्याचे ऐकिवात नव्हते.

प्रारंभी मला तिचे कौतुक वाटले. पुढे काळजी वाटू लागली. ढग फाटत ते पळभर. आणि तेवढ्यात ती कधी देवघरात असे, कधी न्हाणीत, कधी पायऱ्यांवर तिचा पाय जड होई. ती येईपर्यंत आभाळ मिटून जाई. मग ती पेलाभर दूध घेई आणि मला वाढायला बसे. मी जेवावे यासाठी तिचा आग्रह पूर्वीपेक्षा वाढला होता.

त्या दिवशीही माझ्या पानात भात वाढून ती समोर बसली.

“शास्त्रात सूट आहे, अक्का,” मी म्हणालो. “बाल, वृद्ध आणि रोगी यांना नेम सैल होतो.”

“मी बाल आहे?”

“नाही.”

“वृद्ध?”

मी भात कालवू लागलो.

“शहाणा आहेस, बोलला नाहीस. बरं, रोगी?”

“रोगी नाहीस. पण अशानं होशील.”

“झाले की मग काढ तुझं शास्त्र. आमटी घे.”

“निदान प्रतिनिधी तरी मान. पाटावर तांदळाच्या पिठाचा सूर्य काढावा, त्याची पूजा करावी आणि त्याला पाहून भोजन करावं. जुनी माणसं तसं करीत.”

“पिठाचा सूर्य बघून पिठाचाच भात खायचा की काय?” ती म्हणाली. “दिगू, तू मोठा पंडित आहेस, पण मला नेमातून सोडवायला बसू नकोस. मुकाट जेव.”

मी जेवलो. परंतु त्या घासांना चव नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या एका वर्गाची भिंत पावसाने बसली आणि पाऊस ओसरेपर्यंत शाळा बंद राहील अशी सूचना फळ्यावर लागली. छत्री झाडीत मी घरी परतलो. दाराशी पोचेपर्यंत माझ्या मनात काहीही नव्हते. आत पाऊल टाकले तर अक्का चुलीजवळ शेगडीवर माझी धोतरे वाळवीत बसली होती, आणि त्या धुरात तिचा चेहरा मला इतका लहान दिसला की मी उभ्या उभ्या म्हणालो, “अक्का, पिशवी भर. आपण जाऊ.”

“कुठं?”

“ऊन असेल तिथं.”

तिने माझ्याकडे पाहिले. “वेडा झालास का? चातुर्मासात संन्यासीसुद्धा आपला मठ सोडत नाहीत आणि तू मला यष्टीत घालणार?”

“संन्याशांना बहीण नसते.”

“आणि देवाला कोण बघेल?”

“देव बरोबर घे. डबीत मावतो आपला देव.”

ती काही वेळ धोतराची घडी घालीत राहिली. ती नाही म्हणणार याची मला खात्री होती. परंतु घडी पुरी झाल्यावर ती एकाएकी म्हणाली, “तू मला आजवर कधी कुठं नेलं नाहीस, नाही रे?”

“नाही.”

“मग चल. जाऊ.” आणि तिच्या आवाजात एखाद्या मुलीची उत्सुकता होती.

कुठे जायचे हा प्रश्न मला पडला नाही. आमच्या शाळेत पूर्वी भानुदास यादव नावाचे चित्रकलेचे मास्तर होते. माणदेशाच्या बाजूचे, आटपाडीच्या पलीकडच्या एका वाडीचे. गगनबावड्याच्या पावसाला ते इतके विटले होते की बदली घेऊन आपल्या मुलखात परतले. निरोपाच्या वेळी मला म्हणाले होते, “शास्त्रीबुवा, तुमच्या गावात माणसं न्हाईत, बेडकं राहत्यात. कधी ऊन पायजेल झालं तर आमच्याकडं या. तेवढं एक आमच्याकडं लई पिकतं.” ते बोलणे मी थट्टेवारी नेले होते. आता तेच माझे पंचांग झाले.

कोल्हापूरपर्यंत गाडीच्या काचांवरून पाणी वाहत होते. मिरजेला गाडी बदलली तेव्हा पाऊस रिमझिमत होता. अक्काने घरून नेलेल्या दुधाचे दोन घोट घेतले आणि खिडकीपाशी बसून रस्ता पाहू लागली. विटे मागे पडले तसा जमिनीचा रंग बदलला. चिखल संपला, फुफाटा दिसू लागला. बाभळी आल्या, बोरी आल्या. ढग होते, पण ते पांढरे आणि उंच, घाईने पूर्वेकडे निघालेले. जणू त्यांना या गावात उतरायचेच नव्हते.

“दिगू,” अक्का म्हणाली, “इथं आषाढात पापड वाळत असतील.”

“वाळत असतील.”

“आणि लोणच्याला बुरशी नसेल. गाद्यांना तो कुबट वास नसेल. तुझ्या पोथ्यांची पानं एकमेकांना चिकटत नसतील.” तिचे डोळे चमकू लागले. “आपण असं करू. पुढच्या चातुर्मासात इथंच येऊन राहू. दोन खोल्या पुष्कळ झाल्या. पुढं अंगण हवं. अंगणात डाळिंब लाव, त्याला पाणी फार लागत नाही म्हणतात. तुळस तर हवीच. तू पूर्वेच्या खिडकीशी बसून वाच. तुझी बायको मागच्या दारी न्हायल्यावर केस वाळवत बसेल—”

“कुठली बायको?”

“मी बघते आहे ती. राजापूरची. गोरी नाही, पण हसरी आहे, आणि तिला वृत्तं येतात. तुला आणखी काय हवं? तुझी मुलं उन्हात खेळतील. बावड्याच्या पोरांसारखी घोंगडीत गुंडाळून वाढायची नाहीत ती.”

“आणि तुझी खोली कुठली?”

“मी आपली येऊन जाऊन असेन,” ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांवर ओढून तिने डोके मागे टेकवले.

थोड्याच वेळाने गाडी एका चढावर आली आणि उन्हात शिरली. त्याला दुसरा शब्द नाही. माणूस घरात शिरतो तशी ती गाडी उन्हात शिरली. खिडकीच्या गजांच्या सावल्या अक्काच्या मांडीवर पडल्या. मी तिच्या खांद्याला हात लावला.

“अक्का, ऊन!”

ती हलली नाही. पदराखाली तिच्या पापण्या थरथरताना मला दिसल्या. प्रवासाने थकून झोप लागली असेल, अशी मी समजूत करून घेतली. दर्शन कुठे पळून जात होते? आता ते पुढे जागोजागी मिळणार होते.

यादव मास्तरांची वाडी फाट्यापासून जवळच होती. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा माथ्यावरून कललेला सूर्य उघड्या माळावर एकटा तळपत होता. त्या मुलखात डोके लपवायला झाड नाही, ढग नाही, डोंगर नाही. अक्काने वर पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग तिने तांब्यातले पाणी ओंजळीत घेऊन तिथेच फाट्यावर अर्घ्य दिले. तोंडाने काही पुटपुटली. वळली तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होते. उन्हाकडे पाहिले की येते, असे मी मानले.

माझा आनंद काय सांगू! मी तिची पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणालो, “झालं दर्शन. आता पोटभर जेवायचं.”

“हो,” ती म्हणाली.

यादव मास्तर आम्हांला पाहून धावतच आले. “आरं आरं आरं! शास्त्रीबुवा! बेडकं उड्या मारत हितवर आली म्हणायची! गोदे, कोण आलंय बग तर!”

गोदाबाई, त्यांची पत्नी, हात पुसत बाहेर आली. ठेंगणी, ठसठशीत, कपाळावर मोठे कुंकू. तिने अक्काच्या पायांवर डोके ठेवले. “या, अक्का. गुरुजींच्या बोलण्यात सारखं तुमचं नाव असायचं, म्हणायचे हे. आमच्याकडं पाऊस न्हाय बगा अजून. पेरलेलं समदं वर बगतंय.”

“मी तुमच्याकडचा सूर्य मागायला आले आहे, बाई,” अक्का म्हणाली.

“न्या की! गाठोडं बांधून न्या. जाताना तुमच्याकडचं एक ढग मातर धाडून द्या.”

सगळे हसलो. मी नेमाची हकीकत सांगितली. ती ऐकून गोदाबाईचा जीव कळवळला. “आगं आई! आनि इतकं दिस निस्त्या दुधावर?” म्हणत ती आत धावली. आम्ही हातपाय धुऊन पडवीत टेकतो आहोत तोवर भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, दाण्याची चटणी, घट्ट दही, वाटीत दूध. तिने दोन ताटे मांडली आणि पहिले ताट अक्कापुढे ठेवले.

अक्काने ताट किंचित पुढे सारले. खाली पाहत ती म्हणाली, “गोदाबाई, राग मानू नका. मी सोवळ्यातली. मला परान्न चालत नाही. उद्या तीन दगड मांडून माझं मी करून घेईन.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

अक्का आणि सोवळे! गगनबावड्यात एकही घर असे नव्हते, जिथे ती बाळंतिणीच्या उशाशी बसली नव्हती आणि तिथलाच भात खाऊन उठली नव्हती. धनगरवाड्यावर गेली की ताकभाकरी खाऊन येई आणि मला म्हणे, “दिगू, तुझ्या ग्रंथांत भूक कुठल्या जातीची असते ते एकदा बघून सांग.” त्या अक्काच्या तोंडी तो शब्द मी प्रथमच ऐकत होतो.

यादव मास्तर उठून गुरांना पाणी दाखवण्याच्या निमित्ताने बाहेर गेले. गोदाबाई मात्र तिथेच उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?” ती हळूच म्हणाली. “बरं बरं. मला ठावं नव्हतं. मी आपली धावत धावत केलं. चुकलं माझं.” आणि ती ताट उचलायला वाकली.

अक्काने तिचे मनगट धरले.

त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी आजतागायत विसरलेलो नाही. एखाद्याने पळून पळून शेवटी वळून उभे राहावे तसे ते होते. “ठेव, गोदा,” ती म्हणाली. “ठेव ताट. तुझ्या हातचं मला अमृत आहे. मी उगाच काहीतरी बोलले. म्हातारपण, दुसरं काय!”

तिने भाकरीचा कोर मोडला, दुधात बुडवला, बोटांनी कुस्करून अगदी मऊ केला आणि मुखात घातला. गोदाबाई समोर बसली. मीही पाहत होतो. अक्का चावत राहिली. कितीतरी वेळ चावत राहिली. मग तिने डोळे मिटले, मान वर केली आणि तो घास गिळू लागली. तिच्या मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताणल्या. घास खाली उतरेना. तिचा हात छातीवर गेला. घशातून एक विचित्र आवाज निघाला आणि ती उठली, पडवीचा खांब धरत, भेलकांडत गोठ्याच्या मागे गेली.

आम्ही दोघे मागोमाग धावलो. गोदाबाईने तिचे कपाळ धरले. तो इवलासा घास, थोडे दूध आणि थोडे रक्त इतकेच बाहेर पडले. मग अक्का गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. तिच्या सर्वांगावर ऊन पडले होते.

“पानी आनते,” म्हणून गोदाबाई गेली. मी अक्काजवळ खाली बसलो. तिनेच बोलायला आरंभ केला.

“ज्येष्ठात मी अंबाबाईला म्हणून कोल्हापूरला गेले होते, आठवतं?”

“हो.”

“देवीला गेलेच. पण आधी डॉक्टरकडे. भात अडकायचा घशात. फाल्गुनापासूनच अडकत होता. तुला वाढून मी मागं स्वयंपाकघरात बसायचे, म्हणून तुला दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, अन्ननळीत गाठ आहे. कागदावर चित्र काढून दाखवलं. मुंबईला जा म्हणाले, कापून बघतील. मी विचारलं, कापून बघतील की कापून बरं करतील? तर ते खाली बघत बसले. भला माणूस. खोटं बोलला नाही.”

“आणि तू मला—”

“तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“काय म्हणजे? औषध, मिरज, मुंबई, जे जे असेल ते ते.”

“ते कर. मी नाही म्हणत नाही. उद्याच मिरजेला चल म्हण, मी येते. त्याची मला भीती नाही, दिगू.” ती श्वास घ्यायला थांबली. “पण रोज दोन वेळा तू ताट वाढून माझ्यासमोर बसला असतास. म्हणाला असतास, अक्का, एक घास. अक्का, एवढासा. तू माझ्या ताटाकडे बघणार आणि मी तुझ्या तोंडाकडे. ते मला सोसवलं नसतं. तुला मीच भरवलंय रे. घास तोंडात अडला की भरवणाऱ्याचा जीव कसा होतो, मला ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, त्यापेक्षा दोघांनी आभाळाकडे बघत बसावं. आभाळाला कुणी बोल लावत नाही.”

म्हणजे हा नेम असा होता. ढगांची फट मिटेपर्यंत देवघरात रेंगाळणारी अक्का, गाडीत पापण्या घट्ट मिटून बसलेली अक्का. सूर्य न दिसण्याची एवढी काळजी घेणारा भक्त मी ग्रंथांतही वाचला नव्हता. तिच्या डोक्यावरचे एवढेसे आभाळ काढून घेऊन मी तिला या उघड्या माळावर आणून बसवले होते.

“मग आलीस कशाला?” मी म्हणालो. “नाही म्हणायचं होतंस.”

“मला यायचं होतं रे,” ती म्हणाली आणि तिने चेहरा वर केला. “बघ तरी काय ऊन आहे! मला हे बघायचं होतं. तुझ्याबरोबर कुठंतरी जायचं होतं. फक्त त्यानंतर जेवायचं नव्हतं.”

गोदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन गोठ्याच्या कोपऱ्यावर उभी होती. ती केव्हा आली आणि किती ऐकले, ते मला कळले नाही. तिने तांब्या खाली ठेवला, अक्काच्या तोंडावरून ओला हात फिरवला आणि शेणाच्या ढिगावर माती लोटून ते रक्त झाकून टाकले.

संध्याकाळी पडवीत बाजेवर पडल्या पडल्या अक्का पुन्हा त्या घराविषयी बोलू लागली. मला वाटले होते, आता ती ते बोलणार नाही. परंतु तिने डाळिंबाच्या झाडाची जागा बदलली, विहिरीकडून अंगणाकडे आणली. यादव मास्तरांनीही त्यात भाग घेतला. “हितंच आमच्या वावराच्या कडंला दोन खोल्या टाका की, शास्त्रीबुवा. भित्तीवर मी चित्रं काढून देतो, फुकट.”

“बेडूक नका हं काढू,” अक्का म्हणाली.

“मग मोर काढतो. पर पाऊस न पडता मोर नाचवायचा म्हंजी जरा अवघडच हाय.”

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली सगळा कणा मोजता येत होता. यादवांना काही ठाऊक नव्हते. गोदाबाई आत होती, ती बाहेर आली नाही. मी त्या स्वप्नाला हुंकार देत राहिलो, कारण त्या घरात अजून एक खिडकी बसवायची राहिली होती आणि ती अक्काला पूर्वेकडे हवी होती.

पहाटे मी मिरजेला जायचे निश्चित करूनच उठलो. दुपारची गाडी होती. उजाडले ते स्वच्छ. माळाच्या कडेवर लाल कोर दिसली आणि पाहता पाहता सूर्य संपूर्ण वर आला. आकाशात कापसाचे एक बोंडही नव्हते. यादव वावरात निघून गेले होते. अक्का न्हाऊन अंगणात आली, पूर्वेला तोंड करून उभी राहिली आणि तिने ओंजळीने अर्घ्य दिले. मग दोन्ही हात जोडून, डोळे उघडे ठेवून, ती त्या तेजाकडे पाहत राहिली. ऊन तिच्या कपाळावर, बोडक्या मनगटांवर, ओल्या ओंजळीवर पडले होते. तिला इतकी सुंदर मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

गोदाबाई आतून आली. तिच्या हातात वाटी होती. तिने भाकरी दुधात भिजवून, घोटून घोटून, तान्ह्या मुलाला भरवतात तशी केली होती. सारी हकीकत कळूनही तिला राहवले नसावे.

“अक्का,” ती म्हणाली, “आज लई मऊ केलीया. इवलीशी. दर्शन तर झालंया न्हवं? दोनच घास.”

अक्का वळली. तिने वाटीकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत याचना नव्हती. आयुष्यात तिने कधी काही मागितले नाही, त्या वेळीही नाही. ती फक्त पाहत होती. मी आता काय म्हणणार, एवढेच. तिच्या बोटांच्या फटींतून अर्घ्याचे पाणी अजून ठिबकत होते.

मी लहानपणापासून सत्य बोलण्याचे शिक्षण घेतले होते, आणि ते मला अक्कानेच दिले होते. मी सूर्याकडे तोंड केले. डोळे दिपत होते.

“नाही, वहिनी,” मी म्हणालो. “दर्शन कुठलं? आज सकाळपासून अभ्र आहे. अक्काला आज नुसतं दूधच द्या.”

गोदाबाईने माझ्याकडे पाहिले. पेरलेले सारे करपत चालले असताना ढगासाठी महिनाभर वर पाहणारे ते डोळे तिने हाताच्या सावलीखालून त्या निळ्या, कोरड्या, लख्ख आकाशाकडे नेले.

“व्हय की, गुरुजी,” ती म्हणाली. “लई भरून आलंय.”